ओठांत दोरा धरलेली बाई

मुलांनो,

धाकटीचे पत्र मी तीनदा वाचले. तिकडे विलायतेत तुम्ही चित्रांचे प्रदर्शन पाहिले, त्यात एका माणसाच्या छातीच्या जागी पिंजरा काढला होता आणि पिंजऱ्याचे दार उघडे होते, असे तिने लिहिले आहे. "आजी, हल्लीचे चित्रकार असे का करतात? माणूस माणसासारखा का काढत नाहीत?" हा तिचा प्रश्न. हल्लीच्या चित्रकारांचे मला काही माहीत नाही. पण मी नऊ वर्षांची असताना अमरावतीला आमच्या भिंतीवर चित्र काढायला एक चितारी आला होता. माझ्या आत्याने त्याला हाच प्रश्न विचारला होता, अर्थात याहून पुष्कळ मोठ्या आवाजात. म्हणून त्याच्याविषयी लिहिते.

त्याचे नाव मला ठाऊक नाही. सगळे त्याला चितारीबुवा म्हणत. अंगाने उंच, पण भिंतीच्या खालच्या कडा रंगवून रंगवून पाठीत वाकलेला. कानावर खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. डोक्याला पागोट्याऐवजी एक लांब फडके गुंडाळलेले असे आणि कुंचले तो त्यालाच पुसत असे. त्यामुळे सकाळी पांढरे असलेले डोके दुपारी हिरवे आणि दिवेलागणीला तांबडे होई. तो दिवसभर काय रंगवत होता, हे आम्हा पोरांना त्याच्या डोक्यावरून कळे.

जेवताना तो अन्नाला हात लावत नसे. लाकडी पळीने भाकरीचा काला तोंडात टाकी. आमच्या घरी याचा अर्थ असा लावला गेला की, याला आमच्या हातचे अन्न नकोसे वाटते. आत्याने तसे ऐकवलेही. तेव्हा त्याने आपली नखे तिच्यापुढे धरली. नखांत पिवळा रंग भरला होता. "हरताळ हाये बाई. जहर असते. हातानं खाल्लं तं मी मरीन, अन बोल तुमच्या सैपाकाले लागन." त्या दिवसापासून आत्या त्याला भाकरीवर तूप जास्त वाढू लागली.

तो काळही सांगायला हवा. अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी भाव आला. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागे. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत इतका कापूस अडकलेला असे की झाडे फुलल्यासारखी दिसत. ज्याला त्याला नवे घर बांधायचे होते आणि नव्या घराच्या भिंतीवर चित्रे हवी होती. कोणाला हत्ती, कोणाला गोपी, कोणाला आगगाडी. आगगाडी आमच्याकडे अजून आली नव्हती. काढणाऱ्याने ती पाहिली नव्हती आणि काढवून घेणाऱ्यानेही नाही, म्हणून कोणाची तक्रारही नसे.

चितारीबुवाला एवढी मागणी असूनही लोक त्याला बोलावताना दोनदा विचार करत. तो सांगितलेले काढत नसे. आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावी, आणि आवाज पसंत पडला नाही तर उठून जाई. मग घरातल्या माणसांना प्रश्न विचारी. नाक कसे, रंग कसा, असले नाहीत. रागावल्यावर ताट कोण सरकवते? झोपेत कोण बोलते? एकदा बाबांनी त्याला म्हटले, "बुवा, जसा माणूस दिसतो तसा काढला म्हणजे झालं. एवढी चौकशी कशाला?"

तो म्हणाला, "दिसते ते तं तुमाले दिसूनच राहिलं, मालक. मंग मले काहून बलावलं?"

मी तेव्हा एका मडमेकडे इंग्रजी शिकायला जात असे. आम्ही देशमुख, पण बाबा कापसाची अडत करत. विलायती खरेदीदारांशी बोलण्यापुरते इंग्रजी ते शिकले होते आणि मलाही शिकवावे असे त्यांच्या मनात होते. मडमेने दिलेल्या पुस्तकात गाईचे चित्र होते, छायेसकट, पायाखालच्या गवतासकट. मी ते मोठ्या ऐटीत चितारीबुवाला दाखवले. त्याने पुस्तक जवळ धरले, लांब धरले, मग म्हणाला, "गाय बराबर हाये. शिंगं बराबर, शेपटी बराबर. पन कोनाची हाये?"

"कोणाची म्हणजे? गाय आहे."

"अशी कोनाचीच नसलेली गाय रायते का कुठं?" असे म्हणून त्याने पुस्तक परत दिले. पुढे आयुष्यभर कुठलेही चित्र पाहिले की हा प्रश्न माझ्या मनात येतो. मडमेला मात्र मी तो सांगितला नाही.

आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट नंतरची आहे, पण इथेच सांगून टाकते. कापसाच्या गाठींवर हात ठेवून उभे असलेले आपले चित्र त्याला हवे होते. चितारीबुवाने मिशा, भिकबाळी, अंगरखा सगळे हुबेहूब काढले, पण गाठींच्या जागी काढला कापसाचा ढग, आणि त्यावर शेठजी, पाय जमिनीपासून हातभर वर. शेठजी खूश. "बुवानं मले विमानात बसवलं!" असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. लोक म्हणू लागले, चितारीबुवाला आधीच कळले होते. काही जण तर त्याच्याकडे पुढच्या हंगामाचा भाव विचारायला गेले. तो वैतागून म्हणाला, "मले काय समजते भावातलं? त्याहीचे पाय मले जमिनीवर दिसलेच नाईत, तं कुठून काढू?"

आता आमच्या घराचे सांगते.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. घर सांभाळायला बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, आली. तीन वर्षांनी बाबांचे दुसरे लग्न झाले. नव्या आईला मी मावशी म्हणायचे असे ठरले. मावशी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत नसेल. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली असते. हात, पाय, मधे गोल डोके, नाकडोळे असून नसल्यासारखे. नवे लुगडे, नव्या बांगड्या आधी त्या टाकाला दाखवायच्या, मग आपण घालायच्या. नाहीतर पहिली रुसते आणि दुसरीला ओढून नेते, अशी समजूत. मावशी न चुकता दाखवत असे. दाखवताना तिची बोटे कापत, हे मी पाहिलेले आहे, आणि मला त्याचे काही वाटले नव्हते.

कारण मी तिच्याशी बोलत नव्हते. ती माझी वेणी घालायला बसली की मी उठून जाई. वेणी आईच घालत असे, आणि ती गेल्यावर आत्याने घातलेली मी नाइलाजाने सोसत होते. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. आईचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की लुगड्याचा रंग दिसे, त्यावर चेहरा येत नसे. मावशीच्या हातची वेणी घातली तर उरलेलेही जाईल, अशी मला भीती होती.

बाबांनी नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर आईचे चित्र काढायचे ठरवले. तिचा फोटो नव्हता. फोटो काढणारा तेव्हा मुंबईला असतो असे नुसते ऐकले होते. आणि चितारीबुवाने तिला कधी पाहिले नव्हते.

तो आधी अकोल्याला गेला. आईचे माहेर अकोल्याचे. बैलगाडीने जाऊन यायला त्याला आठवडा लागला. परत आल्यावर बाबांनी विचारले, "काय, मिळालं काही?"

"चाल भेटली," तो म्हणाला. "त्याहीचा धाकटा भाऊ विहिरीवरून येऊन राहिला होता. पाय टाकतानी डावा खांदा जरासा पुढं. मी त्याले चार डाव पानी आनाले लावलं. शेवटी तो म्हने, बुवा, तुमाले तहान लागली का माह्यावर सूड उगवून राहिले?"

बाबा हसले. आईचा डावा खांदा खरोखरच पुढे असे, हे मला त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले.

मग माझी पाळी आली. "माय आठवते का पोरी?"

"नाही," मी म्हणाले. हे पहिल्यांदाच कोणाजवळ बोलले. तो दचकला नाही, हळहळलाही नाही.

"मंग काय आठवते?"

मी पुष्कळ विचार केला. "वेणी घालताना ती दोरा तोंडात धरायची. आणि तोंडात दोरा धरूनच मला रागवायची. काय बोलते ते कळायचं नाही."

"हसू यायचं तुले?"

"हो. मग तीही हसायची. पण दोरा पडू द्यायची नाही."

चितारीबुवाने कानावरचा कुंचला काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला. त्या दिवशी त्याने कामाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर ओला गिलावा चढला.

चित्र असे होते. एक बाई बसलेली, डावा खांदा पुढे. अंगावर साधे लुगडे. ओठांत काळ्या दोऱ्याचे टोक. तो दोरा हनुवटीवरून खाली येई, मांडीवरून घरंगळे आणि चित्राची कड ओलांडून भिंतीवर खाली, जमिनीपासून वीतभरावर संपे. तिथे कोणीच काढलेले नव्हते. हात अजून नुसत्या रेषांत, पण दोन्ही पुढे, रिकाम्या हवेत, काहीतरी गुंफत असल्यासारखे.

आत्याने पाहिले आणि तिचा आवाज चढला. "हे काय हो बुवा? नथ कुठं हाये? पाटल्या कुठं? देशमुखाच्या बायकोच्या तोंडात दोरा? मानसाचं चित्र मानसावानी काहून काढत नाई तुमी?"

"मानूसच काढला बाई. दागिने त्याहीचे पेटीत हायेत, तिथं पाहून घ्या."

मी मात्र चित्राजवळ गेले. डोळे अजून काढलेले नव्हते, तिथे दोन कोऱ्या जागा होत्या. पण तो हसू दाबलेला ओठ, दोऱ्यामुळे एका बाजूला ओढलेला, मी ओळखला. आईचा चेहरा मला परत मिळाला होता. त्या आठवड्यात मी मडमेकडून आले की पुस्तके ठेवायच्या आधी भिंतीपाशी जाई.

हातांपाशी घोटाळा झाला. आईचे हात कसे होते, हे अकोल्यालाही कोणाला सांगता आले नव्हते, तेव्हा समोर कोणाचे तरी हात हवे होते. आत्याची बोटे संधिवाताने वाकडी झालेली. ती म्हणाली, "हिचे घ्या. हात काय, सारखेच असतात." आमच्याकडच्या सुना परक्या पुरुषासमोर येत नसत. म्हणून दारावर पडदा सोडला, पडद्यामागे मावशी बसली आणि पडद्यातून तिचे फक्त दोन हात बाहेर आले. चितारीबुवाने दोन दिवस ते हात पाहून हात काढले.

तिसऱ्या दिवशी आत्या दिव्याची वात नीट करायला भिंतीजवळ गेली आणि मोठ्याने ओरडली. चित्रातल्या उजव्या मनगटावर गोंदण होते. पाच ठिपके आणि खाली चंद्रकोर. आईच्या मनगटावर तुळशीचे रोप होते. पाच ठिपके आणि चंद्रकोर मावशीच्या मनगटावर होती.

"मेलेलीच्या अंगाले जितीचे हात लावले! आता ते हिले नेल्याबिगर रायते का?"

चितारीबुवा पुढे आला, मनगटाकडे पाहिले आणि कुंचला खाली ठेवला. त्याला मी एवढा खजील कधीच पाहिला नव्हता. "चूक झाली," तो म्हणाला. "जनमभर म्हनत आलो, दिसते ते मी काढत नाई. अन हात समोर आले तं भानच गेलं. दिसलं तेच काढलं."

बाबांनी विचारले, "तेवढंच मनगट खरवडता येईल?"

"रंग चुन्यात मुरला, मालक. खरवडतो म्हनलं तं ठिगळ दिसन."

"ठिगळाखाली तं रायतेच ते," आत्या म्हणाली. "सारी भिंत पांढरी करा. अजून डोये उघडले नाईत, तोवर पाप नाई."

हे समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. चितारी डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्याला डोळे उघडणे म्हणतात. तोवर चित्र म्हणजे नुसता चुना आणि रंग. डोळे उघडले की त्यात जीव येतो, आणि मग ते पुसणे म्हणजे हत्या.

बाबांनी आत्याला विरोध केला नाही. "एक गेली," एवढेच ते म्हणाले. "दुसरी गमवायची नाही मला." गड्याला चुना भिजवायला सांगितले. सकाळी भिंत पांढरी व्हायची होती. मी बाबांच्या पायांना मिठी मारली, जेवले नाही, पण चेहरा परत जाईल हे मला कोणापुढे बोलता येईना. बोलले असते तर आधी विसरले होते हेही सांगावे लागले असते.

सकाळी गडी चुन्याचे घमेले घेऊन आला. चितारीबुवा आपले सामान बांधत होता. आत्या देवापुढे हात जोडून बाहेर आली. तेवढ्यात दारावरचा पडदा सरकला आणि मावशी बाहेर आली, पदर डोक्यावर, पण तोंड उघडे. आमच्या घरात तिचा आवाज मोठ्याने असा कोणी ऐकलाच नव्हता.

"बुवा, डोये उघडा."

"वेडी झाली का पोरी?" आत्या म्हणाली. "तुह्यावरच येईन ते."

"आत्याबाई, दोन वर्सं झाली, तिले गयात घालून फिरून राहिली मी." मावशीने टाक मुठीत धरला होता. "याच्यात तिचं तोंड दिसत नाई. लुगडं दाखवतो, बांगड्या दाखवतो, ते हासते का रागावते, काई समजत नाई. डोये असले म्हंजे बोलता तं येईन तिच्याशी. विचारता येईन." मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोरगी माह्या हाताखाली बसत नाई. तिथं तिच्या मायच्या तोंडात दोरा हाये अन हात माहे हायेत. असू द्या. कोनाच्या तरी हातानं वेनी झाली पायजे ना लेकराची?"

 गड्याने घमेले खाली ठेवले. बाबा भिंतीकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. "उघडा, बुवा."

चितारीबुवाने बांधलेले सामान सोडले. डोळे उघडताना चित्रासमोर कोणी उभे राहत नाही. पहिली नजर फार कडक असते, म्हणून ती आरशावर घेतात. आत्याने आरसा आणून चित्रासमोर पाटाला टेकवून ठेवला. चितारीबुवा अंग चोरून बाजूला उभा राहिला. दोऱ्याच्या दिशेने त्याने बुबुळे खाली वळवली, जमिनीकडे, जिथे दोरा संपत होता. वेणी घालणाऱ्या बाईची नजर तिथेच असायची. दुसऱ्या डोळ्याचा शेवटचा ठिपका राहिला, तेव्हा मावशी पुढे झाली, आरसा उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी खाली जमिनीवर बसली.

"बाई, सरका," चितारीबुवा म्हणाला.

"द्या ठिपका."

त्याने ठिपका दिला.

मावशीने वर पाहिले. किती वेळ पाहिले ते मला सांगता येणार नाही. तिला काही झाले नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आले आणि ते तिने पुसले नाही. मी दाराशी उभी होते. आईची नजर मावशीच्या पुढ्यात, दोरा संपत होता तिथे पडत होती, आणि ती जागा रिकामी होती. मी जाऊन तिथे बसले, मावशीकडे पाठ करून. वेणीची गाठ मीच सोडली.

भिजवलेला चुना फुकट जाऊ नये म्हणून आत्याने तो गोठ्याला लावून घेतला. चितारीबुवा दुपारी जेवून गेला आणि पुन्हा आमच्याकडे आला नाही.

त्या दिवशी मावशीने घातलेली माझी वेणी वाकडी आली.  दुसऱ्या दिवशी आत्या ती सोडून नीट घालू म्हणाली, पण मी संध्याकाळपर्यंत तिला हात लावू दिला नाही.

तुमची आजी